गुटी बांधताय? मग आत काय भरायचं ते आधी ठरवा

गुटी कलम म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची आणि मग कापून नवं रोप करायचं. त्यासाठी फांदीची साल कशी काढायची हे सगळेच सांगतात, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या, इंचभर रुंदीची साल गोल काढा, आतला बुळबुळीत थर खरवडा, झालं. पण त्यावर काय गुंडाळायचं विचारलं की "काहीही ओलं चालतं" असं उत्तर मिळतं, आणि निम्म्या गुट्या तिथेच सडतात.

मी ऐरोलीत बाल्कनीतल्या डाळिंबाला पहिली गुटी बांधली ती ऐन जुलैत, कुंडीतलीच माती आणि मूठभर शेणखत भरून. पाऊस काही थांबेना, फांदीवरून ओघळणारं पाणी प्लास्टिकच्या वरच्या गाठीतून आत जात राहिलं, महिन्याने सोडून बघितलं तर आत काळा चिखल, कुबट वास, फांदी मऊ, मूळ एकही नाही. मुळांना ओल लागते तशी हवाही लागते ना, आणि चिकट माती भिजली की हवेला जागाच उरत नाही. शिवाय ओल्या मातीचं वजन, बारीक फांदी वाऱ्यात हलली की मोडते. खताची तर गरजच नसते. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली येतं, साल काढली की ते तिथे वरच्या कडेला अडतं आणि म्हणूनच तिथून मुळं फुटतात.

आता माझं मत विचाराल तर पावसाळ्यात डोळे मिटून स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं एक प्रकारचं शेवाळ. सुकलेलं, लांब धाग्यांचं, नर्सरीत किंवा ऑनलाइन पाकिटात मिळतं. महाग आहे, पण एका गुटीला मूठभरच लागतं. पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवा, मग मुठीत घट्ट पिळा, पिळताना धार लागली तर अजून पिळा, जोर लावल्यावर कसेबसे एक-दोन थेंब पडले की बरोबर. हा पिळायचा भागच लोक टाळतात. हातावर कापलेलं-खरचटलेलं असेल तर ग्लोव्हज घाला, मॉसमधून कधीकधी बुरशीचं इन्फेक्शन होतं. आणि ठाण्याच्या येऊरला जाऊन झाडावरचं शेवाळ खरवडून आणायची आयडिया डोक्यात असेल तर सोडा, ते स्फॅग्नम नाही आणि जंगल नॅशनल पार्कचं आहे.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या शेंडीचा भुगा, स्वस्त पडतं, चालतंही, पण त्याची दाबलेली वीट पाण्यात फुलवल्यावर दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असू शकतं. त्याची खरी अडचण शेवटी कळते. भुगा असल्यामुळे प्लास्टिक सोडलं की गोळा सुटतो आणि सोबत कोवळी मुळंही तुटतात. मी त्यात नारळाच्या शेंडीचा पिंजलेला काथ्या मिसळते, त्याने गोळा धरून राहतो. मातीच वापरायची असेल तर एक भाग माती, दोन भाग कोकोपीट, याहून जास्त नको.

बांधताना पारदर्शक प्लास्टिक घ्या म्हणजे मुळं दिसतात. वरची गाठ पावसात एकदम घट्ट, टेप मारली तरी चालेल. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास, वाशी-नेरुळच्या पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारचं ऊन त्या पिशवीवर पडलं की आतलं सगळं शिजतं, म्हणून वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि आठवड्याने हात लावून बघा, गोळा हलका वाटला तर सिरिंजने थोडं पाणी सोडा.

डाळिंब, लिंबू, पेरू, क्रोटन यांना साधारण महिना ते दोन महिने लागतात. एखादं मूळ दिसलं म्हणून लगेच कापू नका, पांढरी मुळं चहूबाजूंनी दिसू द्या, मग गुटीच्या खाली कापा. मॉस काढत बसू नका, मुळं त्यात गुंतलेली असतात. फक्त प्लास्टिक काढा, तसाच गोळा कुंडीत लावा, निम्मी पानं छाटा आणि दोन आठवडे सावलीत ठेवा.