पहिल्यांदाच घरी स्वतःची कटिंग करायलात? मोठ्या गार्डपासून सुरू करा

लातूरला रूमवर राहताना एका सोमवारी सगळी कटिंगची दुकानं बंद, दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू, म्हणून ट्रिमर उचलला आन थेट १ नंबरचं गार्ड (पात्यावर बसवायची प्लॅस्टिकची कंगवी) लावून कानाच्या वर फिरवलं. पांढरं टक्कल दिसायलं भाऊ! १ नंबर म्हणजे फक्त ३ एमएम केस राहतात, २ म्हणजे ६, ४ म्हणजे जवळपास १३. मला कुठं माहीत होतं.

तर पहिल्यांदा ४ नंबर लावा, सगळीकडं फिरवा, मग बाजूला आन मागं ३, लागलंच तर २. केस ज्या दिशेनं वाढतात त्याच्या उलट मशीन चालवायची, आन केस कोरडे पाहिजेत, कारण ओले केस लांब दिसतात, वाळले की आखडतात आन मग कळतं जास्तच गेले. वरचे केस कात्रीनं कापणार असाल तर कात्री आडवी नाही, उभी धरा आन टोकं थोडी थोडी कापा, आडवी धरली की सरळ पायरी पडते.

मान सगळ्यात अवघड. बाथरूमच्या आरशाकडं पाठ करून हातात दुसरा आरसा धरा, तरी हात उलटाच जातो, त्यामुळं मानेवरची लाईन रूममेटकडून मारून घेतलेली बरी. कल्ले मोजताना कान बघू नका, दोन्ही कान एका लेव्हलला नसतात बऱ्याच जणांचे.

हां, ट्रिमर फुल चार्ज करूनच बसा. अर्ध्या डोक्यावर लाईट गेली की टोपी घालून हिंडावं लागतं.