पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत कसे सांगावे

‘कसा आहे पिक्चर?’ असे कुणी विचारले की आपल्या तोंडून बहुधा ‘चांगला आहे’, ‘ठीक आहे’ किंवा ‘एकदा पाहायला हरकत नाही’ यांपैकी एखादे उत्तर निघून जाते. विचारणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही, कारण तुम्हाला कशाला चांगले म्हणायची सवय आहे हे त्याला ठाऊक नसते. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या चार-पाच घरांची माणसे गेली काही वर्षे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी चहाला जमतात आणि मधल्या काळात कुणी काय पाहिले ते एकमेकांना सांगतात. त्या बैठकीत चुकत चुकत जे शिकलो ते इथे लिहीत आहे. पाहिलेला चित्रपट दुसऱ्याला नीट सांगावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

सांगण्याची तयारी त्याच रात्री करावी. घरी आल्यावर झोपण्यापूर्वी वहीत पाच-सहा ओळी लिहाव्यात, पण त्यांत निकाल लिहू नये. आठवायला श्रम पडले नाहीत असे दोन-तीन प्रसंग, कानावर पडला तसाच एखादा संवाद आणि आपण घड्याळाकडे पहिल्यांदा कधी पाहिले ते, एवढे पुरे आहे. घड्याळाची नोंद विशेष मोलाची असते. मध्यांतरापूर्वीच मन उडाले असेल तर दोष बहुधा मांडणीत असतो. उत्तरार्धात उडाले असेल तर कथा कुठे संपवावी हे पटकथाकाराला ठरवता आले नाही, अशी शंका घ्यायला जागा असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातले तारे आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांची मते आपल्या मतात मिसळू लागतात आणि मग आपले कोणते नि ऐकलेले कोणते हे वेगळे काढता येत नाही.

सांगताना आधी काय दिसले ते सांगावे आणि मग काय वाटले ते. हा क्रम मला आमच्या शेजारच्या काकूंनी शिकवला. एका कौटुंबिक चित्रपटातली आई त्यांना खोटी वाटली होती आणि आम्ही सगळे त्या अभिनेत्रीची बाजू घेत होतो. ‘काकू, नेमकी कुठे खोटी वाटली?’ असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘अरे, ती परातीत कणीक मळून राहिली होती, फोन वाजला आणि तिनं तो सरळ उचलला. बोटाला कणकेचा कण नाही, बांगडीला पीठ नाही. मळणाऱ्या बाईचा हात असा असते का?’ त्यानंतर वाद उरलाच नाही. त्या बाईला स्वयंपाकघरात नुसते उभे केले आहे, तिचे रोजचे जगणे कुणी पाहिलेलेच नाही, हे आम्हा सगळ्यांना त्या कोरड्या बोटांमुळे दिसले. ‘अभिनय कृत्रिम होता’ एवढेच काकू म्हणाल्या असत्या, तर आम्ही अजून भांडत बसलो असतो.

‘संथ’ हा शब्द वापरण्यापूर्वी विशेष काळजी घ्यावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या शाहीर नारायण कांबळेंची भूमिका आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली, म्हणून आमच्या बैठकीतल्या बहुतेकांनी तो आवर्जून पाहिला. निम्म्या लोकांचे मत एकाच शब्दात आले: संथ. या चित्रपटात कॅमेरा बराच वेळ एका जागी स्थिर राहतो, माणसे चौकटीत येतात आणि जातात, वकील जुन्या कायद्यांतली कलमे सपाट आवाजात वाचत राहतात आणि पुढची तारीख पडते. आता शेवटाकडचा एक भाग सांगतो; ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदाकडे वळावे. सुट्टीपूर्वीचे कामकाज संपते, न्यायालयाची खोली रिकामी होत जाते, दिवे मालवले जातात आणि पडदा अंधारून राहतो. चित्रपट संपला असे आपण धरून चालतो. तेवढ्यात खटला चालवणारे न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेतात, मुले ओरडून त्यांना दचकवतात तेव्हा हाती लागलेल्या एका पोराला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ज्याच्यावर खटला आहे तो शाहीर तुरुंगात वाट पाहत आहे हे आपल्याला माहीत असताना ही डुलकी पाहावी लागते. तो वेळ दिग्दर्शकाने मुद्दाम आपल्या अंगावर घातलेला आहे. हे लक्षात घेऊनही एखाद्याला तो लांबलेला वाटू शकतो आणि तसे म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. फक्त त्याने ‘कॅमेरा हलत नाही, तारखा पडत राहतात, मला ते सोसले नाही’ असे सांगावे. ऐकणारा मग स्वतः ठरवतो, की हे आपल्याला सोसेल की नाही.

आपल्या गावात चित्रित झालेल्या चित्रपटाविषयी बोलणे सर्वांत अवघड. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवणारे नागपूरचे विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला आहे आणि त्याचे चित्रीकरणही नागपुरात झालेले आहे. तो पाहताना चित्रपटगृहात जागा ओळखण्याची जणू चढाओढ लागली होती. ‘हे तर गड्डीगोदाम!’ असा आवाज मागच्या रांगेतून आला आणि पुढचा अर्धा मिनिट पडद्यावर काय झाले ते आमच्या रांगेत कुणालाच सांगता आले नाही. ओळखीचा आनंद खरा असतो आणि तो लपवण्याचे कारण नाही, पण मत सांगताना तो वेगळ्या वाक्यात सांगावा. ‘माझे शहर पडद्यावर आले म्हणून मला भरून आले’ हे एक वाक्य. ‘भर पावसात डब्यालाच फुटबॉल करून खेळणाऱ्या मुलांकडे पाहत उभा राहिलेला शिक्षक पटला, मात्र सुमारे तीन तासांच्या लांबीत उत्तरार्ध पसरला’ हे दुसरे. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या पाहुण्याला दुसरे वाक्य उपयोगी पडते. पहिल्यातून त्याला तुमच्याविषयी कळते आणि तुमच्या कौतुकातून किती वजा करायचे याचा अंदाज येतो.

मात्र याच ओळखीमुळे आपल्याकडे एक जाणकारीही येते, जी इतरांकडे नसते, आणि ती भाषेच्या बाबतीत वापरलीच पाहिजे. विदर्भातले पात्र आले की त्याच्या तोंडी ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ पेरायचे आणि प्रेक्षकांना हसवायचे, अशी खोड अनेक चित्रपटांना आणि मालिकांना लागलेली आहे. अशा वेळी ‘भाषा जमली नाही’ असे मोघम न म्हणता वाक्याचे वळण ऐकावे. ‘कशाला’च्या जागी ‘कायले’ घातले, पण क्रियापद ‘करतोय’च राहिले, तर लेखकाने शब्द आणले आणि बोली तिथेच सोडली असे समजावे, ‘करून राहिला’ कानावर पडले तर कुणीतरी खरोखर ऐकून लिहिले आहे. इथल्या वस्त्यांत हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात, तेही संवादात आले आहे का ते पाहावे. बाहेरच्या समीक्षकाला हे तपासणे कठीण जाते, म्हणून आपण ते सांगितले पाहिजे.

चित्रपटाचे दोष आणि तो जिथे पाहिला तिथले दोष वेगळे ठेवावेत. एकदा मी एका चित्रपटाचे संगीत पोकळ असल्याचे बैठकीत ठासून सांगितले. पंधरा दिवसांनी तोच चित्रपट घरी हेडफोन लावून पाहिला तेव्हा कळले, की त्या चित्रपटगृहातल्या एका बाजूचे ध्वनिक्षेपक बहुधा बंदच होते. पुढच्या बैठकीत मी ते मत सर्वांसमोर मागे घेतले. दाक्षिणात्य चित्रपट हिंदीत डब केलेला पाहिला असेल तर तेही सांगावे, कारण आपण ऐकतो तो आवाज त्या नटाचा असतोच असे नाही. चेहरा आणि आवाज जुळले नाहीत, तर दोष अनेकदा नटाचा नसतो.

विचारणारा कोण आहे, त्यावर सांगण्याची मात्रा ठरते. उद्याचे तिकीट काढून बसलेल्याला कथेची सुरुवात आणि प्रकृती एवढेच सांगावे. रहस्य असेल तर ‘शेवटी धक्का आहे’ हेसुद्धा सांगू नये, कारण मग तो दोन तास धक्क्याची वाट पाहत बसतो. लहान मुले घेऊन जाणाऱ्यांना प्रमाणपत्र पाहायला सांगावे. २०२४ पासून ‘यूए’ या, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या, वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत, तरी प्रमाणपत्रावरून सगळे कळत नाही. एखादे मूल रक्ताला घाबरत नाही, पण पडद्यावर कुत्रे मेले की रात्रभर रडते. घरातल्या वडीलधाऱ्यांना लांबी, आवाजाचा कर्कशपणा आणि मध्यांतर केव्हा होते ते सांगितले, की त्यांचा निर्णय सोपा होतो.

मत जुळले नाही तर समोरच्याला प्रसंग विचारावा. माझी धाकटी मुलगी माझ्याशी क्वचितच सहमत होते. पूर्वी मी तिला समजावू लागायचो. आता ‘तुला कुठे तसे वाटले ते सांग’ एवढेच म्हणतो आणि वही तिच्यापुढे सरकवतो. ‘झुंड’च्या पानावर माझ्या ‘उत्तरार्ध पसरला’ या नोंदीखाली तिने लिहिले आहे, ‘बाबा, त्या मुलांना कागदपत्रे मिळवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तुम्ही बसला का नाहीत?’ मी माझी ओळ खोडलेली नाही. तिच्या ओळीखाली तारीख घातली आहे आणि चित्रपट पुन्हा पाहून झाल्यावर लिहायला चार ओळींची जागा मोकळी सोडली आहे.