हेलिक्स उजवा की डावा? डिशवर लावण्याआधी या चुका टाळा

१.७ गिगाहर्ट्झवर हवामान उपग्रहांची चित्रं थेट उतरवायचा नाद हल्ली बऱ्याच जणांना लागलाय. भंगारातून डीटीएचची जुनी डिश आणायची, तिच्यासमोरच्या एलएनबीच्या (सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) जागी घरी वळलेला हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखी तारेची अँटेना लावायची, मागे एलएनए (सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि आरटीएल-एसडीआर (कॉम्प्युटरला जोडायचं रिसीव्हर डोंगल). मग मेसेज येतो: ‘सर, सिग्नलच नाही. एलएनए बदलू का?’ नको रे बाबा. आधी तार बघ.

दहातल्या निम्म्या वेळा तार उलटी वळलेली असते. रशियाचे मेटिऑर-एम आणि युरोपचे मेटॉप हे उपग्रह या पट्ट्यात उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाने, म्हणजे आरएचसीपीने पाठवतात; लहर उजवीकडे फिरत पुढे येते. हे वाचून पोरं उजवा हेलिक्स वळतात. हेलिक्स थेट आकाशाकडे रोखायचा असता तर ते बरोबर होतं. पण डिशवर आपटून परतताना ध्रुवण उलटतं, उजव्याचं डावं होतं. म्हणून डिशच्या फीडला, म्हणजे तिच्यासमोरच्या अँटेनाला, डावा हेलिक्स लागतो. चुकलात तर साधारण २० डेसिबल जातात, म्हणजे शंभरातला एक भाग हातात उरतो.

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी असा सेट बनवला होता. थ्री-डी प्रिंटरवर काढलेला सुबक सांगाडा, तार अगदी एकसारखी बसलेली, वेढ्यांमधलं अंतर कॅलिपरने मोजलेलं. उपग्रह डोक्यावरून जायचा आणि वॉटरफॉलवर (कॉम्प्युटरवरच्या सिग्नलच्या आलेखावर) रेघसुद्धा उमटायची नाही. त्यांनी एलएनए बदलला, फिल्टर बदलला, डोंगल बदललं, शेवटी गच्चीशेजारच्या मोबाइल टॉवरवर खापर फोडलं. मी खिशातला एक साधा स्क्रू काढून हेलिक्सशेजारी धरला. दोन्हींचे आटे एकाच बाजूला चढत होते. ‘उजवा आहे हा.’ त्यावर एकजण म्हणाला, ‘मग टोकं उलटसुलट करून लावू की!’ स्क्रू डोक्याकडून बघा नाहीतर टोकाकडून, आटे तेच राहतात. हेलिक्सचंही तसंच. उलटवून काही होत नाही, तार नव्याने वळावी लागते. त्याच संध्याकाळी त्यांनी ती वळली आणि मेटिऑरच्या पुढच्याच फेरीत अरबी समुद्रावरचे ढग दिसले. बदललेल्या सामानाचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

‘घड्याळाच्या दिशेने वळा’ असं लिहिलेल्या सूचना मी वाचतच नाही. घड्याळ पुढून बघायचं की मागून, हे कुणी सांगत नाही. बाजारातल्या नेहमीच्या स्क्रूसारखा तो उजवा, सायकलच्या डाव्या पेडलच्या आट्यासारखा तो डावा. एवढं पुरतं.

दुसरा रोग वेढ्यांच्या हावेचा. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात जॉन क्राउस यांनी १९४६ मध्ये ही अँटेना शोधली. त्यांचं गेनचं (अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं) सूत्र अजून सगळीकडे फिरतं, पण प्रत्यक्ष मोजमाप त्याच्या काही डेसिबल खालीच येतं. वेढे दुप्पट केले तरी ३ डेसिबलसुद्धा धड पदरात पडत नाहीत. आणि फीडसाठी तर लांब हेलिक्स चक्क नुकसानच करतो: त्याचा झोत अरुंद होतो आणि डिशचा फक्त मधला भाग वापरला जातो. मी साडेपाच वेढ्यांच्या पुढे जात नाही.

मापांचा मात्र एवढा धसका घेऊ नका. १७०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी १७६ मिमी, म्हणजे परीघ तेवढा आणि व्यास ५६ मिमीच्या आसपास. दोन वेढ्यांत ४० मिमी, मागचा रिफ्लेक्टर (पत्रा) किमान १३ सेंमीचा. ही अँटेना मुळातच रुंद पट्ट्याची, दोन-तीन मिमीने तिचं काही बिघडत नाही. मी अर्थिंगची ३ मिमीची तांब्याची तार ५० मिमीच्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळतो आणि पाइप काढून टाकतो. सुटल्यावर तार थोडी फुगते, तेही कामाला येतं.

हेलिक्सचा रोध १४० ओहमच्या घरात, केबल आणि एलएनए ५०चे. सरळ जोडलंत तर सुमारे १ डेसिबल फुकट जातो, तोही एलएनएच्या आधी, जिथे तो सगळ्यात महाग पडतो. पहिल्या पाव वेढ्याला तांब्याची पट्टी डाग देऊन ती रिफ्लेक्टरच्या अगदी जवळ ठेवा, त्याला चिकटू मात्र देऊ नका. हे काम पाच मिनिटांचं, तरी ‘नंतर करू’ म्हणणारेच जास्त.

रिफ्लेक्टरला रंगवलेला पत्रा घेतलात तर कनेक्टरखालचा रंग खरवडा.

एलएनए अँटेनापाशीच हवा, खाली खोलीत नको. आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे पाऊण डेसिबल खाते. टीव्हीची आरजी-६ ७५ ओहमची असली तरी तिच्यापेक्षा बरी.

१८०५ मेगाहर्ट्झपासून मोबाइल टॉवरचा पट्टा सुरू होतो. शहरात फिल्टरशिवाय एलएनए लावणं म्हणजे त्याला बहिरं करणं.

हवामान उपग्रहांच्या दुसऱ्या, १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी असाच हेलिक्स वळायला निघालेलेही भेटतात. तिथे व्यास ७० सेंमी आणि पाच वेढ्यांची लांबी अडीच मीटर होते. व्ही-डायपोल (इंग्रजी व्हीसारखी दोन दांड्यांची अँटेना) करा आणि मोकळे व्हा.

जुने लेख वाचून अमेरिकेच्या नोआ-१५, १८ किंवा १९ या हवामान उपग्रहांची वाट बघत गच्चीत बसू नका. तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले.

आणि डीटीएचची डिश ऑफसेट असते, म्हणजे तिचा फीड मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. तिचं तोंड जिकडे दिसतं त्यापेक्षा ती प्रत्यक्षात वीस-पंचवीस अंश वर बघत असते. तोंड सरळ उपग्रहाकडे करून ‘हेलिक्स खराब आहे’ असं कळवू नका.