वाड्यावरचं एकही घर सुटू नये: चर्चच्या मदतगटासाठी

चर्चच्या मदतीचं काम बहुतेक ठिकाणी एकाच जागी अडतं. जो येऊन मागतो त्याला मिळतं. जो लाजतो, ज्याला इथली भाषा येत नाही, ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, तो राहून जातो. हे दुखणं जुनं आहे. 'प्रेषितांची कृत्ये'च्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत हीच तक्रार आली होती: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगून ते काम त्यांच्या हाती दिलं.

म्हणून पहिली वही घरांची करा. मागणाऱ्यांची यादी त्यातून आपोआप होते. गोव्यात पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचे, वाडे (वस्तीचे भाग) ठरलेले असतातच आणि लहान ख्रिस्ती समूहही वाड्यांप्रमाणेच चालतात. तोच आराखडा वापरा, पण वहीत वाड्यावरचं प्रत्येक घर लिहा: हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, मालकाच्या मागच्या बाजूला भाड्याने दिलेल्या खोल्यासुद्धा. साधारण 30 घरांमागे दोन माणसं पुरतात. वहीत तीनच गोष्टी हव्यात: घरात कोण राहतं, कमावतं कोण, आणि रात्री-अपरात्री हाक मारायची झाली तर शेजारी कोण. कर्ज, भांडणं, आजाराचं नाव यातलं काही या वहीत नको. ही वही कुणाच्याही हाती पडू शकते.

अडचण कळते कशी? पोदेराला विचारा. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव घालणाऱ्याला घर आवळलेलं सगळ्यांच्या आधी कळतं, कारण सहा पाव घेणारं घर दोनावर येतं, मग उधारी सुरू होते, मग भोंगा ऐकूनही दार उघडत नाही. शाळेतली शिक्षिका, अंगणवाडी सेविका, कोपऱ्यावरचा दुकानदार यांच्याही हे लक्षात येतं. आजाऱ्यांना घरी कोमुन्यांव (चर्चमधला पवित्र प्रसाद) घेऊन जाणाऱ्यांनी प्रार्थना झाल्यावर पाच मिनिटं बसावं आणि औषधाची पिशवी बघावी. गोळ्यांची पाकिटं न फोडता तशीच पडली असतील तर कारण विचारावं. मात्र कबुलीजबाबात जे सांगितलं जातं ते फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. त्यामुळे 'फादरना ठाऊक असेलच' या भरवशावर कधी राहू नका.

भेटीला नेहमी दोघांनी जावं. संत विन्सेंट दी पॉल सोसायटी 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झाली आणि तिची घरभेटीची जोडीची रीत आजही टिकून आहे, त्याला कारणं आहेत. एकाला ऐकू येत नाही ते दुसऱ्याला येतं, पैशाबद्दल संशय राहत नाही, आणि एकट्या बाईच्या किंवा मुलांच्या घरी एकटा पुरुष गेला असं होत नाही. पहिल्या भेटीला हातात पिशवी नको. "मावशी, बरेच दिवस दिसला नाहीत, म्हणून आलो," एवढं पुरे. चहा दिला तर घ्या, नाकारू नका. ज्याच्याकडून आपण काही घेतो त्याला आपल्याकडून घेताना जड जात नाही. "काय हवं?" असं थेट विचारलं की "काही नको" हेच उत्तर येतं. त्याऐवजी "या महिन्यात सगळ्यात जास्त काय नडलं?" असं विचारा.

परतल्यावर त्याच दिवशी ठरवा. गटाच्या बैठकीची वाट बघण्यात पंधरवडा जातो आणि तेवढ्यात औषधं संपतात. दोघांना स्वतःच्या अधिकारात ठरावीक रक्कम, समजा 2,000 रुपयांपर्यंत, खर्च करता यावी. त्यापुढचं बैठकीत. हिशेबाच्या वहीत नावाऐवजी घराचा क्रमांक लिहा. हिशेब तपासणाऱ्याला पावती हवी असते, नाव लागत नाही. बिल शक्यतो थेट फार्मसीत, शाळेत किंवा वीज कार्यालयात भरा. उसने पैसे कधीही देऊ नका. फेडता आले नाहीत की तो माणूस गटाला टाळतो, मग मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीलाही, यायचा थांबतो. रक्कम जाते आणि माणूसही जातो. द्यायचं तर देऊन टाका.

शिध्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. चार माणसांना पंधरा दिवस, माणशी रोज पाव किलो तांदूळ धरला तर 15 किलो लागतो. डाळ माणशी 50 ग्रॅमच्या हिशेबाने 3 किलो. तेल 2 लिटर, कांदे 3 किलो, मीठ 1 किलो, साखर 1 किलो, चहा पाव किलो, सुक्या मिरच्या पाव किलो, सोलं (आमसुलं) पाव किलो, नारळ सहा. नारळ आणि सोलं विसरलात तर शिधा घरात पोचतो पण आमटी होत नाही. मिस्सेच्या अर्पणात लोकांनी आणलेला तांदूळ एकाच गोणीत ओतू नका. उकडा (उकडलेल्या भाताचा) आणि सुरय (न उकडलेला) मिसळले की एक शिजतो तेव्हा दुसरा कच्चाच असतो, आणि असा तांदूळ घेणाऱ्याला आपली किंमत काय केली तेही कळतं. वेगळ्या गोण्या ठेवा, देताना "उकडो की सुरय?" विचारा. पावसाळ्यात महिन्यापेक्षा जास्त साठा केला तर टोके पडतात. गॅस आहे की नाही हेही बघा. सिलिंडर संपलेल्या घरात तांदळाची गोणी नुसती पडून राहते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळी वही पुन्हा चाळा. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवणीचे, दिवस असतात, ज्यांना परवडतं ते मिरच्या, सोलं, सुकं मासळं भरून ठेवतात. ज्यांना परवडत नाही त्यांचे जून-जुलै कठीण जातात. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, त्या बोटींवर राबणाऱ्यांची कमाई थांबते. तेव्हा गटाचा पुरुमेंत 25 मेच्या आत पोचायला हवा. त्याच फेरीत छप्पर बघा: फुटलेली कौलं, वाळवी लागलेले वासे, मातीच्या भिंतीला गेलेली चीर. चार माणसं आणि एक रविवार यात एका घराची कौलं परतून होतात. जुलैत त्याच छपरावर चढणं धोक्याचं, शेवाळाने पाय घसरतो, आणि नुसत्या ताडपत्रीवर भागवावं लागतं.

आजारपणात पैशापेक्षा माणसं कमी पडतात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात रुग्णापाशी कुणीतरी बसायला लागतं, आणि काणकोण किंवा सत्तरीहून रोज ये-जा करणारी सून चौथ्या दिवशी स्वतः आजारी पडते. दिवसाच्या तीन पाळ्या लावा, रात्रीची पाळी तरुणांना द्या, डबा कोण नेणार ते आदल्या संध्याकाळी पक्कं करा. रक्त देऊ शकणाऱ्यांची यादी तयार ठेवा. पुरुषांनी दोन वेळांमध्ये तीन महिने आणि बायकांनी चार महिने अंतर ठेवायचं असतं, म्हणून मागच्या वेळची तारीख लिहा.

घरी आणल्यावर वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी लागते. ही सामग्री पॅरिशने ठेवावी, प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक घालावा, आणि नेणाऱ्याचा फोन व परतीची तारीख लिहावी. वॉकरच्या पायांचं रबर झिजलं की ओल्या फरशीवर तो घसरतो आणि मांडीचं हाड मोडतं. जादा रबरं नेहमी जवळ असू द्या. हवेच्या गादीवर एकच पातळ चादर घालायची. प्रेमाने वर गोधडी घातली की गादीचा उपयोगच संपतो. वीज गेली की ती बसते, म्हणून खाली साधी फोमची गादी हवीच. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. टाचा, कंबरेची हाडं, माकडहाड रोज बघा. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर पांढरी होत नसेल तर तिथे जखम सुरू झाली आहे, आरोग्य केंद्रातल्या नर्सला त्याच दिवशी बोलवा.

सरकारी योजना मिळवून देणं हे शिध्याहून मोठं काम आहे, कारण ते पैसे दर महिन्याला येतात. ज्येष्ठ, विधवा आणि अपंगांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, घर चालवणाऱ्या बायकांसाठी गृह आधार, आणि इस्पितळाच्या खर्चासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. अर्ज सहसा नावावर अडतो. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं जुझे, आधारवर जोसेफ, बँकेत तिसरंच काही. फॉर्म भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा, एकेक अक्षर जुळवा, फरक असेल तर आधी प्रतिज्ञापत्र करून घ्या. चालू असलेलं मानधन बंद पडतं ते बहुधा हयातीचा दाखला वेळेत न दिल्याने. अंथरुणाला खिळलेल्यांची वेगळी यादी करून दरवर्षी त्यांच्यासाठी धावाधाव गटाने करावी.

हिंदू शेजाऱ्यांकडे जाताना पिशवीत पत्रक, संतांचं चित्र, प्रार्थनेची पुस्तिका, काहीही नको. मदतीला दुसरा हेतू चिकटला की ती मदत राहत नाही, आणि वाड्यावरचा अनेक पिढ्यांचा विश्वास एका पत्रकाने तुटतो. फोटो कुणाचाही काढू नका. नाताळला पिशव्या देणाऱ्या पॅरिशने चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीही द्याव्यात, गूळ आणि नारळ जास्त घालून, आणि वाड्यावरचाच कुणी हिंदू शेजारी सोबत असावा. खोल्यांतल्या कानडी किंवा हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांकडे भाषा येणारं माणूस न्या. आपल्या काळातल्या ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्याच आहेत.

दारूपायी घर बुडत असेल तर रोख रक्कम देऊ नका. फी शाळेत भरा, शिधा बाईच्या हाती द्या, नवऱ्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला स्वतः घेऊन जा. मारहाण होत असेल तर "सांभाळून घे" म्हणून तिला परत पाठवायचं नाही. 181 हा महिलांचा, 1098 मुलांचा आणि 112 तातडीचा क्रमांक. तिच्यासमोर बसून फोन लावा. एवढ्या गोष्टी गटाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे मान्य करून कारितास गोवासारख्या संस्थेतल्या जाणकारांकडे वेळेत सोपवा.

घर सावरलं की ते मदतीच्या यादीतून काढा, पण तीन महिन्यांनी त्याच दोघांनी पुन्हा जावं, रिकाम्या हाताने, चहाला. त्या भेटीत पुष्कळदा तेच घर शेजारच्या एखाद्या घराबद्दल सांगतं. वही सोबत असू द्या.