स्टेशनच्या वर काय बांधतायत ते सोडा, खाली पाणी कुठे जाणार ते विचारा

बडोदा स्टेशनला हल्ली गेला असाल तर ७ नंबर प्लॅटफॉर्मच्या डोक्यावर बुलेट ट्रेनचं स्टेशन चढताना पाहिलं असेल, ३४ मीटरच्या वर उंची, डिझाइन वडाच्या पसाऱ्यावरून घेतलेलं कारण वडोदरा म्हणजे वड, फोटो प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलेत. त्यावर आपली मंडळी दोनच गोष्टी करतात, एक तर "वा वा" नाहीतर "आमचा विरोध आहे". दोन्हीचा उपयोग शून्य. म्हटलं जे मी धक्के खाऊन शिकलो ते लिहून टाकावं, स्टेशनजवळ राहणाऱ्यांना कामाला येईल.

आधी आमचा गाढवपणा. आमची सोसायटी अलकापुरीच्या बाजूला. शेजारच्या काकूंनी घरोघर फिरून दीडेकशे सह्या गोळा केल्या, मी दोन पानी झणझणीत मराठी पत्र लिहिलं, त्यात पार सयाजीराव महाराजांपर्यंत गेलो, आणि एका कार्यालयात जाऊन टेबलावर ठेवलं. साहेबांनी पहिली ओळ वाचायचा प्रयत्न केला, मग म्हणाले हा विषय आमच्याकडे येत नाही. पोच पण दिली नाही. ते पत्र काकूंच्या फ्रीजवर अजून आहे, दूधवाल्याच्या हिशोबाच्या खाली.

तर पहिलं काम, जागा कोणाची ते बघा. स्टेशनच्या दोनशे पावलांत तीन-चार मालक निघतात. वरचं हायस्पीड स्टेशन एनएचएसआरसीएलचं, म्हणजे केंद्र, गुजरात आणि महाराष्ट्र यांची मिळून कंपनी आहे ती. खालचे प्लॅटफॉर्म आणि आवार पश्चिम रेल्वेचं, त्याचं डीआरएम म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचं ऑफिस प्रतापनगरला. बाहेरचा रस्ता, गटार, दिवे महापालिकेचे. रेल्वेच्या जमिनीवर दुकानं-ऑफिसं काढायची असतील तर त्यात आरएलडीए नावाची वेगळी संस्था येते. आणि रेल्वेला स्वतःच्या कामासाठी बांधायचे अधिकार १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ११ मध्ये भरपूर दिलेत, त्यामुळे "महापालिकेने परवानगी कशी दिली" असं नगरसेवकाला ओरडून विचारण्यात अर्थ नाही, तोही बिचारा तुमच्याइतकाच बाहेरचा.

आता काय मागायचं. ढाचा उभा राहिलाय, तो हलवा म्हणून कोणी हलवणार नाही. पण जमिनीवरचं बरंच काही अजून हातात असतं, म्हणजे रिक्षा कुठे उभ्या राहणार, चालणारा माणूस कुठून जाणार, लारीवाले म्हणजे हातगाडीवाले कुठे, आणि आपल्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता, दर पावसाळ्यात भरतं हे सांगायला तज्ज्ञ नको, २०१९ च्या जुलैअखेरीस एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पडला तेव्हाचं आणि २०२४ च्या ऑगस्टचं विश्वामित्री नदीचं पाणी सगळ्यांनी पाहिलंय. वर एवढं मोठं छप्पर आलं की त्यावर पडणारं पाणी पाइपातून कुठेतरी खालीच येणार ना, ते कुठल्या गटारात सोडणार आणि त्या गटाराची कपॅसिटी किती, एवढाच प्रश्न विचारा. हा प्रश्न राजकीय नाही, त्यामुळे तो टाळता येत नाही.

विचारण्याआधी एक रविवार घालवा. आम्ही दुसऱ्या वेळेला शहाणे झालो, गरनाळ्यात गेलो, भिंतीवर मागच्या पावसाची मातकट रेघ होती तिथे शिवणाच्या टेपने माप घेतलं, टेप धरलेला फोटो काढला, तारीख टाकली. मग माझ्या आजीला रिक्षातून उतरवून प्लॅटफॉर्मपर्यंत चालवलं (ती स्वतःहून तयार झाली, परत येताना शेव-उसळ कबूल केली होती), ती कुठे थांबली, कुठे कठडा नव्हता, कुठे बॅग उचलावी लागली हे सगळं लिहून घेतलं. "वृद्धांची गैरसोय होते" या वाक्यापेक्षा "इथे तीनदा बसावं लागलं" हे साहेबांना जास्त टोचतं, अनुभवाने सांगतो. अपंगांसाठीच्या २०१६ च्या कायद्याचं कलम ४१ स्टेशनांनाही लागू आहे, त्याचा उल्लेख पत्रात एकदाच करा, उगाच भाषण नको.

मग आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज. सह्यांचं पत्र चुकीच्या टेबलावर गेलं की मरतं, आरटीआय मरत नाही, कारण कलम ६(३) प्रमाणे तो अर्ज त्यांनाच पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवावा लागतो. केंद्राची फी १० रुपये, गुजरात सरकारच्या खात्यांसाठी आणि महापालिकेसाठी २०, आमचा पहिला अर्ज मी १० ची पोस्टल ऑर्डर लावून महापालिकेत नेला होता, हसू नका. उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज मराठीत नको, इंग्रजी, हिंदी किंवा गुजराती, भाचीला गुजराती छान येत असेल तर तिला बसवा. आणि "का" विचारू नका. "पाणी का साचतं" याला उत्तर येत नाही, "पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा मंजूर नकाशा, काम सुरू असतानाचा ट्रॅफिक प्लॅन आणि महापालिकेशी झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रती द्या" याला यावंच लागतं.

लारीवाल्यांबद्दल एक खाच आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा रेल्वेच्या जागेला लागू नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे चहावाला आवाराच्या भिंतीच्या आत उभा असेल तर रेल्वेशी बोलायचं, बाहेर पालिकेच्या रस्त्यावर असेल तर टाउन व्हेंडिंग कमिटीकडे, जिच्यात ४० टक्के सभासद फेरीवालेच असायला हवेत. त्यांना बरोबर घ्या, आपल्यापेक्षा जास्त वेळ ते तिथे असतात, पाणी कुठून यायला लागतं हे आम्हाला एका लारीवाल्यानेच दाखवलं.

कागद हातात आले की मग पत्र, एका पानाचं, एका मागणीचं, फोटो जोडून. एक प्रत डीआरएमला, एक महापालिका आयुक्तांना, एक खासदारांना, आणि डीआरयूसीसी म्हणजे प्रवाशांची जी सल्लागार समिती असते तिच्या सभासदांना जरूर, बैठकीत विषय तेच काढू शकतात. पोच सही-शिक्क्यासकट घ्या, शिक्का नाही मिळाला तर स्पीड पोस्ट. केंद्राच्या सीपीग्राम्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर पण टाका, तिथे आता २१ दिवसांची मुदत आहे. तिकडून "आपली सूचना नोंदवली आहे" असं येईल, चिडू नका, ते प्रिंट काढून पुढच्या पत्राला जोडा.

प्रती द्यायला कटकट करतात तेव्हा "फाइल बघायला येतो" असा अर्ज करा, कायद्याने तो हक्क आहे. केंद्राच्या ऑफिसांत पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये. जाताना दोघं जा, एकाने पानं उलटायची, एकाने लिहायचं, आणि आधी नकाशे मागा, पत्रव्यवहाराचा गठ्ठा मागितलात तर तो फुकटचा तास त्यातच जातो.