जत्रेतल्या पाळण्यांचे फोटो : आधी मोजा, मग बटण दाबा

मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालला खंडोबाचं लग्न. सातारा जिल्ह्यात थंडी आणि आकाशपाळणे बरोबरच येतात. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर जे फोटो फिरतात, त्यांत मात्र पाळणा म्हणजे काळ्या आभाळात पांढरा गोळा, आणि पोरांचे चेहरे पुसलेले. यात मोबाइलचा दोष कमी असतो. पाळणा किती वेगानं फिरतो आणि त्यावरचे दिवे कसे लागतात, हे न बघताच फोटो काढलेला असतो.

वेळ सांभाळणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फायद्याचं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आभाळ गडद निळं होतं आणि पुढची पंधराएक मिनिटं तसं राहतं. पाळण्याचे दिवे लागलेले, मागे निळं आभाळ, खाली माणसं अजून दिसतायत, असा मेळ तेवढाच वेळ असतो. रात्री नऊला गर्दी भरपूर मिळेल, आभाळ मिळणार नाही. म्हणून साडेपाचलाच जागा धरा आणि भजी नंतर खा.

आकाशपाळण्याच्या दिव्यांचं चक्र फोटोत हवं असेल तर शटर (कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारा पडदा) किती वेळ उघडं ठेवायचं, हे अंदाजानं ठरवू नका. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून एक फेरी मोजा आणि आरे मोजा. समजा फेरी ८ सेकंदांची आणि आरे १६. म्हणजे एक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी अर्ध्या सेकंदात पोचतो. अर्धा सेकंद शटर उघडं राहिलं की सगळी पोकळी एकदा भरते आणि अखंड तबकडी मिळते. १/८ सेकंद ठेवलं तर पोकळीचा पाव भागच भरतो आणि पंख्याच्या पात्यांसारखा आकार येतो. तोही वाईट नाही, उलट पाळणा फिरतोय हे त्यातच जास्त कळतं. २ सेकंदांच्या वर जायचा मोह टाळा, कारण हल्लीच्या एलईडी पट्ट्या रंग बदलत असतात. लाल, हिरवा, निळा एकाच फोटोत एकमेकांवर बसले की पांढुरका चिखल होतो. एक रंग किती वेळ टिकतो ते बघा आणि शटर त्याच्या आत ठेवा.

कॅमेऱ्यावर सुरुवात आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, एफ/८ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि १ सेकंदानं करा. उजेड जास्त वाटला तर एफ/११. एफ/१६च्या पुढे चित्र मऊ पडायला लागतं. मोबाइलमध्ये प्रो मोड (ज्यात सेटिंग आपण ठरवतो), आयएसओ ५० किंवा १००, आणि झूम न करता १एक्सची मुख्य लेन्स. बहुतेक मोबाइलना अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, त्यामुळे १ सेकंदाला फोटो फटफटीत आला तर आभाळ आणखी थोडं गडद होईपर्यंत थांबायचं. नाइट मोड इथे घात करतो. तो अनेक फोटो जुळवून एक करतो आणि फिरत्या गोष्टीवर त्याची जुळणी फसते. आयफोनवाल्यांनी लाइव्ह फोटो (क्षणभर हलणारा फोटो) काढून नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ निवडावं, काम भागतं.

ट्रायपॉड जनरेटरजवळ लावू नका. जमिनीतून येणारी थरथर डोळ्यांना दिसत नाही, एक सेकंदाच्या फोटोत बरोबर दिसते. सांगलीकडच्या काळ्या मातीत ओल असली की पाय हळूहळू रुततात. प्रत्येक पायाखाली विटेचा तुकडा किंवा पालथी करवंटी ठेवा. बटण बोटानं न दाबता २ सेकंदांचा टायमर लावा.

आता कोलंबस, म्हणजे झुलणारी नाव. इथे चेहरे हवेत, आणि ते मिळतात. नाव टोकाला पोचली की क्षणभर थांबते, मधून जाताना सगळ्यात जास्त वेगात असते. त्यामुळे टोकाचा क्षण धरला तर १/१०० सेकंदालाही चेहरे बऱ्यापैकी स्पष्ट येतात. नावेतले बाक मध्याकडे तोंड करून असतात. म्हणून उजव्या टोकावरचे चेहरे हवे असतील तर डावीकडे उभं राहायचं. बहुतेक जण नेमके उलट्या बाजूला जातात आणि पाठी घेऊन परत येतात. नाव पहिल्यांदा वर गेली की त्या उंचीवर फोकस धरून लॉक करा.

१/१००च का, याला कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० असलं की लुकलुकणं पूर्ण मोजलं जातं. १/५०० लावलंत की फोटोवर आडवे काळे पट्टे. रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्यांची गोष्ट वेगळी, पण आधी १/१०० करून बघा, पट्टे गेले तर गेले. दिवसा उन्हात ही भानगड नाही. लहान पोरांचा घोड्यांचा पाळणा तेव्हाच १/५००ला टिपून घ्या.

मौत का कुआंमध्ये, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरते तिथे, शटर १/५०. मोटारसायकल समोरच्या भिंतीवर येते तेव्हा ती आडवी दिसते आणि अंतरही फारसं बदलत नाही, म्हणून फोकस तिथल्या फळ्यांवर आधीच धरून ठेवा. कॅमेरा गाडीबरोबर फिरवत दाबा, आणि दाबल्यावरही फिरवत राहा. दहात दोन चांगले आले तर हात बसला म्हणायचं. फ्लॅश अजिबात नाही, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. पट्टा मनगटाला गुंडाळा आणि सेल्फी स्टिक आत घालू नका.

खटाव-माणकडची धूळ आणि पालचा भंडारा दोन्ही लेन्सचे वैरी. मैदानात लेन्स बदलू नका. भंडारा लागला तर आधी रबरी फुग्यानं हवा मारा, मग मऊ ब्रश. कापडानं पुसलात तर पिवळा लेप पसरतो. आणि धुळीत फ्लॅश मारला की प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन समोर येतो.

एडिटिंगला स्नॅपसीड किंवा मोबाइलचं लाइटरूम पुरतं. आधी उभा खांब बघून फोटो सरळ करा. पाळणा गोल असल्यामुळे वाकडेपणा त्यावरून कळत नाही. मग हायलाइट्स (उजळ भाग) -४० ते -६०, शॅडोज (अंधारे भाग) +१५ ते +२०. त्याहून जास्त उचलल्या की अंधारात रवाळ ठिपके दिसायला लागतात. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवू नका. एलईडीचा जांभळा आणि निळा आधीच ओसंडत असतो, लाइटरूममध्ये त्या दोनच रंगांचं सॅच्युरेशन -१५ ते -२५ करा. डीहेझ (धुरकटपणा कमी करणारा पर्याय) १०च्या आसपास थांबवा. धूळ थोडी दिसू द्यावी, ती जत्रेचीच आहे. भाजून पांढरे झालेले दिवे कुठल्याच अ‍ॅपनं परत येत नाहीत, त्यासाठी काढतानाच एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) -०.७ ते -१ ठेवायला हवं.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका. नाहीतर निळ्या आभाळात चौकोनी डाग पडतात आणि सगळे म्हणतात, कॅमेरा बदल.