एक्सेलमध्ये सॉर्ट अर्ध्यावरच थांबतं? माझा अनुभव

काजू खरेदीच्या नोंदींची मोठी शीट. वाळपई, होंडा, केरी अशी गावं क्रमाने लावायला सॉर्ट दिलं की वरचा भागच लागायचा. खालच्या हजारो ओळी जशाच्या तशा.

फिल्टर काढून परत लावला, माऊसने ओढत सिलेक्ट केलं (शीट सुसाट खाली पळते), फाईल नव्या नावाने सेव्ह केली. फरक शून्य. डोकं पार पिकलं.

कारण निघालं दोन हंगामांच्या मधली कोरी ओळ. तिथे यादी संपली असंच एक्सेल धरतं.

आधी कंट्रोल-एंड दाबा. शेवटचा सेल कळतो, समजा एफ१८४०२. मग फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये ए१:एफ१८४०२ टाइप करून एंटर. सगळं एका दमात सिलेक्ट. त्यानंतर डेटा, सॉर्ट, 'माय डेटा हॅज हेडर्स'वर टिक, 'सॉर्ट बाय'मध्ये गाव, 'ॲड लेव्हल'ने तारीख, ओके. कोऱ्या ओळी आपसूक तळाला जातात.

मर्ज केलेल्या सेलची कुरकुर आली तर 'अनमर्ज सेल्स' करून पुन्हा सॉर्ट. आणि मधल्या बेरजेच्या ओळी आधीच काढा, नाहीतर त्याही गावांच्या रांगेत घुसतात.